अठराव्या दिवसाचा पाव

धाकटी दाढ काढून घरी आली तेव्हा खमिराची बरणी धुऊन पालथी घातलेली होती.

दोनदा धुतली होती. एकदा साबणाने, एकदा उकळत्या पाण्याने. शेजारी पीठ मळायची लाकडी काथवटही खरवडून, घासून भिंतीला टेकवून ठेवलेली. थोरले, म्हणजे तिचे मोठे दीर, चौतीस वर्षं हेडमास्तर होते आणि अर्धवट काम त्यांना खपत नसे. शाळेत एखाद्या पोराला सुधारायचं ठरवलं की ते पोर शाळा सोडून जाईपर्यंत ते त्याला सुधारत राहायचे.

धाकटीच्या तोंडात कापसाचा बोळा होता आणि अर्धा जबडा बधिर होता. ती बरणीकडे बोट करून उभी राहिली.

"साठा होता तो," थोरले हात पुसत म्हणाले. "तळच्या फळीवर. झाडणीत सापडला."

"कुठे टाकलं?"

"मोरीत. वरून दोन बादल्या पाणीही सोडलं. वास फार होता."

धाकटी पिठाच्या पोत्यावर बसली. साठ वर्षांचा वास होता तो.

झाडणी हा या घराचा नेम. संध्याकाळी सहाला प्रार्थना, आणि प्रार्थनेनंतर कपाट रिकामं करायचं. दुकानात उरलेला पाव, घरात उरलेलं अन्न, साखर, तेल, जे काही असेल ते मागच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसांना देऊन टाकायचं. उद्याचं देव उद्या देईल. बाबांनी, म्हणजे धाकटीच्या सासऱ्यांनी, हा नेम लग्नाआधी धरला आणि मरेपर्यंत पाळला. वाळवंटात आकाशातून पडलेला मन्ना, म्हणजे देवाने धाडलेलं खाणं, ज्यांनी उद्यासाठी ठेवला त्यांच्या मन्नात किडे पडले, ही गोष्ट या घरातल्या पोरांना बाराखडीच्या आधी यायची. पीठवाला रोज संध्याकाळी एका दिवसाचं पीठ टाकून जायचा. भिजवलेलं पीठ साठ्यात धरायचं नाही, ते काम, असं बाबांनी ठरवून टाकलं होतं. बाबांनी ठरवलं की ठरलं.

आणि खमीर? खमीर म्हणजे आंबवलेलं पीठ. त्यातलं बरंचसं रोज नव्या पिठात कालवायचं, राहिलेल्यात मूठभर पीठ आणि पाणी घालायचं, की उद्यासाठी ते पुन्हा बरणीभर होतं. उद्यासाठी. म्हणजे नियमाने पाहिलं तर साठाच. बाबांनी याचा तोडगा काढला होता. झाडणी चालू असताना ते तळच्या फळीकडे पाठ करून उभे राहायचे. वरच्या फळ्या रिकाम्या व्हायच्या, बाबा "आमेन" म्हणायचे आणि बाजूला व्हायचे. पाठ रुंद होती. कोणी कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही.

बाबा जाऊन दीड महिना झाला. थोरले निवृत्त होऊन दोन ट्रंका घेऊन घरी आले आणि त्यांनी झाडणी हातात घेतली. ते कुठल्याच फळीकडे पाठ करत नाहीत हे धाकटीने पहिल्याच संध्याकाळी पाहिलं. दुसऱ्या संध्याकाळपासून ती बरणी टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेऊन प्रार्थनेला बसू लागली. थोरल्यांना वाटलं, हिला पोटाचं काही दुखणं आहे, शेकत असेल. सभ्य माणूस. त्यांनी विचारलं नाही. असे तेवीस दिवस गेले. चोविसाव्या दिवशी दाढ असह्य झाली आणि दाताच्या डॉक्टरने पाच वाजताची वेळ दिली.

आता ना बरणीत काही होतं, ना काथवटीच्या सांदीत. आणि सकाळी हॉस्पिटलचे साठ पाव द्यायचे होते.

"दादा," धाकटी म्हणाली. शब्द अर्धेच फुटत होते, राग पूर्ण होता. "त्याशिवाय पाव फुगत नाही."

थोरले थांबले. हे त्यांना माहीत नव्हतं. त्याच घरात जन्मले, त्याच पावावर वाढले, आणि पाव कशाने फुगतो हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. ते भट्टीच्या खोलीत यायचे ते फक्त "झालं का?" विचारायला.

"मला वाटलं, हवेने," ते म्हणाले.

* * *

साडेसहाला सगळे टेबलाशी होते. मधल्यांना कोणी बोलावलं नव्हतं, पण ते आले. ते विम्याचे एजंट. ज्या घरात उद्याची साखर ठेवत नाहीत त्या घरातून असा माणूस कसा निघाला याचं बाबांना शेवटपर्यंत नवल होतं. मधले मात्र म्हणायचे, याच घरातून निघणार, दुसरीकडून कशाला निघेल?

येताना त्यांनी दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला कागद काढून आणला होता. बाबांच्या अक्षरातला. मधल्यांनीच तो लॅमिनेट करून घेतला होता.

"मी फक्त वाचतो," मधले म्हणाले. "माझं मत नाही. ‘ज्या सकाळी या भट्टीतून माणसाने खावं असं काही निघणार नाही, त्या दिवशी समजावं की देवाला हे दुकान नको आहे. विकावं आणि तिघांनी वाटून घ्यावं.’ खाली सही. तारीख."

"पाठ आहे," धाकटी म्हणाली.

"मग झालं तर."

तिचं त्यात काय जायचं होतं ते टेबलाशी बसलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं. दुकान गेलं की वरच्या दोन खोल्या गेल्या. एकोणीस वर्षं ती पहाटे भट्टी पेटवत होती. तिला दुसरं काही येत नव्हतं आणि यायला नकोही होतं. सासूने मरण्याआधी सोन्याची साखळी मधल्या सुनेला दिली, घड्याळ थोरलीला दिलं आणि हिला बरणी दिली. तेव्हा बाकीच्या दोघी गालात हसल्या होत्या.

"बाजारातून यीस्टचं पाकीट आणते," धाकटी म्हणाली. "दुकानं उघडी आहेत. आत्ता आणलं तर सकाळी पाव होतो."

"चालेल की," थोरले पटकन म्हणाले. चूक झाली होती आणि ती दहा मिनिटांत निस्तरणार असेल तर त्यांना हवंच होतं.

"एक मिनिट, दादा," मधले म्हणाले. "त्या पाकिटावर तारीख असते. दोन वर्षं टिकतं ते. मला काय, मी विमावाला. पण तू झाडणी करतोस म्हणून विचारतो. दोन वर्षांचा साठा घरात आणायचा?"

थोरल्यांचा चेहरा पडला. चौतीस वर्षांत त्यांना कुणी त्यांच्याच नियमात पकडलं नव्हतं, कारण नियम नेहमी दुसऱ्यांसाठी असत.

"नाही आणता येणार," ते म्हणाले.

"दादा! एवढुसं पाकीट असतं!"

"आकाराचा प्रश्न नाही, धाकटे. विश्वासाचा आहे."

"मग हॉस्पिटलच्या साठ लोकांना सकाळी विश्वास वाढू का? सूपाबरोबर?"

"देव देईल."

"दिलं होतं!" धाकटी ओरडली आणि जबड्यातून कळ गेली. "बरणीत दिलं होतं! तुम्ही त्यावर दोन बादल्या पाणी ओतलंत!"

धाकटीचा नवरा टेबलावरचे कण बोटाने गोळा करत होता. त्याला सगळं गाव मुका म्हणायचं. मुका नव्हता तो. पावाची गाडी चालवायचा, आणि गाडी चालवायला बोलावं लागत नाही असं त्याचं मत असावं. त्याने ते कधी बोलून दाखवलं नाही.

"प्रार्थना करू," थोरले म्हणाले.

"करा," धाकटी म्हणाली. "उत्तर आलं तर सांगा. मी पाणी तापवायला ठेवते."

पण ती उठली नाही. प्रार्थनेतून उठायचं नसतं, तेवढं वळण या घराने तिलाही लावलं होतं.

थोरल्यांनी सात मिनिटं प्रार्थना केली. इस्राएल लोकांपासून सुरुवात करून ते हळूहळू दुकानापर्यंत आले. धाकटीने डोळे मिटले. तिची स्वतःची प्रार्थना फार लहान असे. पहाटे भट्टीचं दार उघडताना ती म्हणायची, "आजचं दे." एकोणीस वर्षांत तिने उद्याचं कधी मागितलं नव्हतं. बरणी होती ना! आज पहिल्यांदा तिच्या लक्षात आलं की आपण देवाकडे आजचं मागत होतो आणि उद्याचं बरणीकडे. तिला ते आवडलं नाही. पण देवाशी भांडण नंतर, आधी थोरल्यांशी.

"आमेन," थोरले म्हणाले.

आता सगळे गप्प बसले. हाही बाबांचाच नेम. आमेननंतर कुणाला आतून काही सुचलं तरच बोलायचं, आणि पहिला जो बोलेल ते उत्तर म्हणून घ्यायचं. त्यामुळे आमेननंतर या घरात सगळे फार जपून असत. बारा वर्षांपूर्वी एकदा मधल्यांच्या तोंडून "चहा" असं निघून गेलं होतं, तर बाबांनी वस्तीतल्या चाळीस घरांना आठवडाभर चहा पाजला होता.

मिनिट गेलं. मधले ओठ दाबून बसले होते. गप्प राहण्यात त्यांचा फायदा होता.

"आत्याकडे आहे," मुका म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. आधी तो बोलला म्हणून, मग तो काय बोलला म्हणून.

"काय आहे?" थोरल्यांनी विचारलं.

"आपलं खमीर. बाटलीत. मी पाहिलंय."

"आत्याचं नाव या घरात घ्यायचं नाही," मधले म्हणाले. "बाबांनी सांगितलं होतं. दादा, तू होतास तेव्हा."

"होतो." थोरले मुक्याकडे पाहत होते. "आमेननंतर बोलला ना हा?"

"अरे, तो काय..."

"आमेननंतर, पहिला, हाच बोलला ना?"

थोरल्यांनी कोट घातला. फाशीच्या तख्ताकडे निघालेला माणूसही याहून बरा दिसला असता. पण नियम म्हणजे नियम, आणि एवढ्या एका गोष्टीत धाकटीला ते आवडले. तिला त्याचा रागही आला.

* * *

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. चाळीस वर्षांपूर्वीच्या एका संध्याकाळी झाडणीत तिच्या अंथरुणाखाली दुधाच्या पावडरीचे सहा डबे सापडले. त्या वर्षी कामधंदे बंद होते आणि दूध मिळत नव्हतं. आत्याचं मूल चार महिन्यांचं होतं. बाबांनी चार डबे मागच्या दाराशी वाटून टाकले. पाचव्याला हात घातला तेव्हा आत्या उरलेले दोन आणि मूल उचलून निघून गेली. एवढीच गोष्ट या घरात सांगितली जायची, आणि ती नेहमी आत्याच्या पापापाशी थांबायची.

आता तिचं शीतगृह होतं. गावाच्या कडेला, पत्र्याचं, आठ दरवाज्यांचं. सफरचंदं, बटाटे, औषधं, फुलं, जे कुणाला उद्यासाठी ठेवायचं असेल ते आत्या ठेवायची. साठा केला म्हणून बाईला हाकलली, तर तिने आयुष्यभर साऱ्या गावाचा साठा केला. मुक्याने गाडी तिच्या ऑफिसासमोर लावली.

आत्या आत जाड कोट घालून बसली होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची. हातमोजे काढलेले, पुढ्यात पावत्या. तिने एकेकाकडे पाहिलं. थोरल्यांवर नजर थांबली.

"हेडमास्तर झालास म्हणे."

"निवृत्त झालो."

"बरं झालं. पोरं सुटली." मग धाकटीकडे वळून, "आणि तुझं गं काय? दादल्याने मारलं की काय?"

"दाढ काढली."

"कुठली?"

"अक्कलदाढ."

"त्या घरात गेल्यावर तिचा उपयोग नव्हताच. बस."

धाकटी बसली. बसायला एकच खुर्ची होती, त्यामुळे थोरले उभे राहिले, वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखे. त्यांना सवय नव्हती.

धाकटीने सगळं सांगितलं. झाडणी, बरणी, मोरी, दोन बादल्या, लॅमिनेट केलेला कागद. आत्या ऐकत होती. मोरीपाशी तिने एकदा डोळे मिटले, बाकी चेहरा हलला नाही.

"ओतलं कुणी?" तिने विचारलं.

"मी," थोरले म्हणाले.

"मग मागायचं पण तूच."

थोरल्यांनी घसा साफ केला. "आत्या, परमेश्वराच्या योजनेत काही वेळा..."

"परमेश्वराला बाहेर थांबव. तू माग."

"मी... आम्हाला अशी गरज निर्माण झाली आहे की..."

"निर्माण झाली? आपोआप?"

धाकटी पाहत होती. हा माणूस चारशे लोकांसमोर उभा राहून डोळे मिटून देवाकडे पाऊस मागायचा, शांती मागायची, आजाऱ्यांना बरं कर म्हणायचा, आणि आवाज एकदाही अडखळायचा नाही. आता समोर एक म्हातारी होती आणि त्याच्या तोंडातून ‘दे’ एवढं एक अक्षर निघत नव्हतं. देवाकडे मागणं सोपं असतं. मागताना देव तोंडाकडे बघत बसत नाही, निदान तसं दाखवत तरी नाही. मग धाकटीच्या ध्यानात आलं की बाबांनीही आयुष्यात कुणा माणसाकडे काही मागितलं नव्हतं. याला हे घर विश्वास म्हणत आलं. निम्मा तो निव्वळ ताठा होता.

"मला ते वस्तू वाटलं," थोरले शेवटी म्हणाले. "ते जिवंत असतं हे मला माहीत नव्हतं. घरातलं जिवंत काही मी बाहेर टाकलं नसतं."

"का? तुमच्या घराला सवय आहे."

बाहेर कुठलंसं यंत्र घरघरत चालू झालं, मिनिटभर चाललं आणि बंद पडलं.

"मी त्या दिवशी होतो," थोरले म्हणाले. आवाज लहान झाला होता. "बावीस वर्षांचा. डबे मीच शोधून दिले होते बाबांना. अंथरूण मी उचललं होतं."

हे धाकटीने कधी ऐकलं नव्हतं. मुक्यानेही नसावं, त्याने मान वर केली.

"माहीत आहे," आत्या म्हणाली. "मी खोलीतच होते."

"आत्या, दे ना गं थोडं."

आत्या उठली. गुडघे धरत एका लोखंडी दरवाज्याआड गेली. बाहेर आली ती हातात औषधाची जुनी रुंद बाटली घेऊन. तळाशी चार बोटं करडं, निपचित पीठ आणि वर काळसर पाणी.

"जाताना मूल एका हातात होतं, डबे पिशवीत. ही खिशात घातली. पाव मी एकदाही केला नाही. नुसतं महिन्याला मूठभर पीठ घालायचं आणि परत थंडीत ठेवायचं."

"पाव करायचा नव्हता तर ठेवलं कशाला?" धाकटीने विचारलं.

"त्याने सगळं वाटून टाकलं असतं एखाद्या दिवशी. कुणीतरी ठेवायला नको? मन्नाची गोष्ट सांगता ना तुम्ही पोरांना, किड्यांची? पुढची सांगता का? देवानेच सांगितलं होतं, त्यातलं एक भांडं भरून पिढ्यान् पिढ्या राखून ठेवा म्हणून. ते भांडं नाही नासलं. हेडमास्तर, आहे का नाही पुस्तकात?"

"आहे," थोरले म्हणाले.

"सांगत नव्हतास ना?"

"नाही."

धाकटीने बाटली उजेडाकडे धरली, हुंगली, हलवली. एकही बुडबुडा आला नाही.

"हे गाढ झोपलंय. उद्या सकाळपर्यंत नाही जागं व्हायचं. तीनदा खायला घालावं लागेल. परवा, नाहीतर तेरवा."

"मग?" थोरल्यांनी विचारलं. ‘देव देईल’ असं ते म्हणाले नाहीत.

"मग काय मग?" आत्या म्हणाली. "कागदावर काय आहे? भट्टीतून माणसाने खावं असं काहीतरी निघालं पाहिजे. फुगलं पाहिजे असं लिहिलंय का? बिनखमिराचं कर. पीठ, पाणी, मीठ. इस्राएल लोक मिसर देशातून निघाले तेव्हा त्यांच्याकडे तरी पीठ फुगायला कुठे वेळ होता!"

धाकटी तिच्याकडे पाहतच राहिली. एकोणीस वर्षं पीठ फुगवून फुगवून तिला हे सुचलंच नव्हतं.

"काय द्यायचं तुला?" थोरल्यांनी विचारलं.

"तुझ्या बापाने मी निघाले तेव्हा दारातून ओरडून सांगितलं होतं, तुला रोज एक पाव पाठवीन. पाठवला. सतरा दिवस. अठराव्या दिवसाचा अजून यायचाय." आत्याने हातमोजे चढवले. "रोज एक पाव. गाडीने पाठवायचा नाही, तू चालत घेऊन यायचास. आणि आदल्या दिवसाचा चालणार नाही."

* * *

सकाळी उजाडताना मधले आले. एवढ्या लवकर ते आयुष्यात उठले नव्हते. कुणाशी न बोलता ते सरळ भट्टीपाशी गेले आणि ती पेटलेली नाही याची खात्री करून घ्यायला तिच्या लोखंडी दारावर पूर्ण तळहात ठेवला.

त्यांचा हात पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवावा लागला.

"विमा आहे ना?" धाकटीने विचारलं.

"एजंटला मिळत नाही," मधले दात आवळून म्हणाले.

मग तिने भट्टी उघडली. आत चपटे, करडे, कडेने जळलेले सत्तर तुकडे. जाडीला दोन बोटं. एक खाली पडला तर फरशी वाजली. मधल्यांनी डाव्या हाताने एक उचलला, उलटसुलट पाहिला, टेबलावर आपटला.

"याला माणसाने खाण्यासारखं म्हणायचं?"

"खाऊन बघा."

मधल्यांनी चावा घेतला. बराच वेळ चावत राहिले. थोरले, धाकटी आणि मुका त्यांच्या जबड्याकडे बघत उभे. त्यांनी थुंकून टाकलं असतं तर काम तिथेच संपलं होतं, आणि त्यांना ते माहीत होतं. पण झोप अर्धवट झाली होती, नाश्ता झाला नव्हता, हात भाजला होता, आणि भूक लागली होती.

त्यांनी गिळलं. मग दुसरा घास घेतला.

"मीठ बरं पडलंय," ते चिडून म्हणाले आणि लॅमिनेट केलेला कागद दारावर परत लावून आले.

हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरातल्या मुख्य बाईंनी टोपलीवरचं फडकं उचललं आणि मुक्याकडे पाहिलं. "हे काय?"

"आजचं," मुका म्हणाला.

"माझे पेशंट आजारी आहेत. कैदी नाहीत."

मुक्याने हे ऐकून घेतलं. हात मात्र टोपलीवरून काढला नाही. बाईंनी एक तुकडा मोडायचा प्रयत्न केला, मग वरवंट्याने मोडला, गरम सूपात टाकला आणि थांबून राहिल्या. तुकडा भिजला. "आजच्यापुरतं घेते," त्या म्हणाल्या. "उद्या हे आणलंस तर टोपलीसकट परत पाठवीन." मुक्याने घरी येऊन हे सगळं शब्दाला शब्द सांगितलं. त्याच्या लग्नानंतरचं ते सगळ्यात मोठं भाषण होतं.

आणि उद्याचं काय, हे कुणालाच माहीत नव्हतं. बरणीत आत्याच्या बाटलीतलं खमीर होतं, धाकटीने त्याला पहिलं खायला घातलं होतं, आणि ते अजून हललं नव्हतं. ते कदाचित मेलेलंही असेल. तिने बरणीवर फडकं बांधलं आणि म्हणाली, "आजचं मिळालं." पुढे काही मागावंसं वाटत होतं. मागितलं नाही. बरणीकडेही पाहिलं नाही.

मग ती थोरल्यांबरोबर निघाली. तिला यायचं कारण नव्हतं. पण हा माणूस वाटेत कुणाला तरी पाव देऊन टाकेल अशी तिला भीती होती.

पाऊण तास चालावं लागलं. पाव कागदात गुंडाळून थोरल्यांनी दोन्ही हातांत धरला होता. वाटेत त्यांच्या शाळेतला एक माजी विद्यार्थी भेटला, आता मोटारींचा मेकॅनिक. "सर, काय घेऊन चाललात?" थोरले थांबले, त्यांनी खोटं बोलायचा विचार केला असावा, आणि म्हणाले, "पाव. आत्याला."

आत्या शीतगृहामागच्या खोलीत होती. एक पलंग, एक टेबल आणि भिंतभर कपाट. दार उघडंच. कपाटात वरपासून खालपर्यंत डबे. पीठ, साखर, डाळी, आणि दुधाच्या पावडरीची एक अख्खी रांग. प्रत्येक डब्यावर तारखेची चिठ्ठी. थोरल्यांनी ते पाहिलं आणि पाहायचं थांबवलं.

"अठरावा," ते म्हणाले आणि पाव टेबलावर ठेवला. तो वाजला.

आत्याने कागद उघडला. बोटाने टकटक केली. "दात कुणाचे आणू?" तिने धाकटीला विचारलं.

"मलाही नाही खाता येत," धाकटी म्हणाली. तिचा गाल अजून सुजलेला होता.

आत्याने पाव टेबलाच्या कडेवर आपटून दोन तुकडे केले. एक पाण्याच्या पेल्यात बुडवला. तो भिजायची वाट बघत तिघंही बसली. मग आत्याने तो सावकाश खाल्ला, शेवटचा कणही ओल्या बोटाने टिपला.

दुसरा तुकडा तिने कागदात परत गुंडाळला, उठली, कपाटाच्या तळच्या फळीवर ठेवला आणि चिठ्ठीवर आजची तारीख लिहिली.

"हा कशाला ठेवतेस?" थोरल्यांनी विचारलं. "उद्या आणणारच आहे मी."

"तुझा बापही असंच म्हणाला होता."

थोरले उठले. धाकटीला वाटलं, आता हा माणूस तो तुकडा उचलणार. झाडणी त्याच्या हाडात होती, आणि समोर तर चाळीस वर्षांचं भरलेलं कपाट. ते दोन पावलं कपाटाकडे गेले. हात उचलला, खाली घेतला. मग ते वळले आणि तळच्या फळीकडे पाठ करून, खोलीकडे तोंड करून उभे राहिले.

त्यांची पाठ बाबांसारखी रुंद नव्हती. दोन्ही बाजूंनी डबे दिसत होते.

"आमेन," धाकटी म्हणाली.

मग सगळे गप्प बसले, कारण आता जो पहिला बोलेल त्याचं ऐकावं लागणार होतं. आत्याला नेम ठाऊक होता. तिने बराच वेळ घेतला.

"बसा," ती म्हणाली. "चहा ठेवते."